पित्त पडले, बरे वाटले

वर्षभर दर आठवड्याला या पानावर मी तुमच्याशी पडशा-खोकल्यापासून गुडघेदुखीपर्यंतच्या गोष्टी बोलत असतो. दिवाळी अंकात संपादक जरा ऐसपैस जागा देतात. गेल्या वर्षी त्या जागेत मी फराळ आणि पित्त हा विषय घेतला होता. पुष्कळ वाचकांची पत्रे आली. चकली-चिवड्यावरचा हात आखडता घेतल्याचे कित्येकांनी कळवले आणि मी सुखावलो. आज त्याबद्दल एक कबुली द्यायची आहे. तो मजकूर मी लिहीत होतो त्याच पंधरवड्यात माझी सख्खी मोठी बहीण पोट धरून बसत होती, आणि मी दादरच्या दवाखान्यातून तिला फोनवर सांगत होतो, "आक्का, हे पित्त आहे. चार दिवस तिखट-तेलकट बंद कर."

ते पित्तच होते. पण मी म्हणत होतो ते नव्हे.

आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आमची आई सदा आजारी, त्यामुळे माझी वेणीफणी सोडून बाकी सगळे आक्कानेच केले, असे ती म्हणायची. लग्न होऊन ती पुण्याला सदाशिव पेठेत गेली, मी डॉक्टर होऊन दादरला राहिलो. पण भाऊबीजेला सकाळच्या गाडीने पुण्याला जायचे हा नेम चुकला नाही. मी किती का मोठा डॉक्टर होईना, तिच्या लेखी मी शाळेत डबा विसरून जाणारा बाळच होतो.

२०२२ च्या उन्हाळ्यात तिचे डोळे पिवळे दिसू लागले. अंगाला खाज सुटे, लघवी चहासारखी होई, पण पोटात दुखत मात्र नव्हते. शेजारपाजारच्यांनी कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता आणून दिला होता. मी म्हटले, "या वयात न दुखता आलेली कावीळ अंगावर काढायची नाही." सोनोग्राफी झाली, स्कॅन झाला, आणि स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ निघाली. जून महिन्यात पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात ऑपरेशन झाले. गाठ वेळेवर सापडली म्हणून सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. पुढची चूक मी केली तिचे मूळ, मला वाटते, त्या थोपटण्यात होते. आक्काच्या पोटातले आपल्याला कळते, अशी माझी समजूत होऊन बसली.

हे ऑपरेशन कसे असते ते थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे समजणार नाही. अमेरिकेत ॲलन व्हिपल नावाचे शल्यविशारद होते. मिशनरी आईबापांच्या पोटी इराणात जन्मलेले. त्यांनी १९३५ साली या शस्त्रक्रियेची हकीकत प्रसिद्ध केली, म्हणून आजही तिला व्हिपलचे ऑपरेशन म्हणतात. त्यांच्याआधी १९१२ मध्ये बर्लिनच्या वाल्टर काउश यांनी असा प्रयत्न यशस्वी झाल्याचे लिहून ठेवले होते. स्वादुपिंडाचे डोके असे अवघड जागी बसलेले आहे की ते एकटे काढता येत नाही. त्याच्याबरोबर लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा खालचा भाग आणि पुष्कळदा जठराचे शेवटचे टोक एवढा सगळा पसारा काढावा लागतो.

काढणे हे अर्धेच काम. मग आतड्याचे मोकळे टोक वर ओढून घेतात आणि त्याला ओळीने तीन जोड देतात. पहिला उरलेल्या स्वादुपिंडाचा, दुसरा पित्तनलिकेचा, आणि हातभर पुढे तिसरा जठराचा. म्हणजे पाचकरस आणि पित्तरस एका बाजूने वाहत येतात, अन्न जठरातून उतरते, आणि तिसऱ्या जोडापाशी सगळ्यांची गाठ पडून ती मंडळी पुढच्या आतड्यात मार्गस्थ होतात.

आता पहिल्या जोडापासून तिसऱ्या जोडापर्यंतचा जो आतड्याचा तुकडा, तो डोळ्यांपुढे आणा. पुण्याच्या पेठांतल्या बंद बोळासारखा तो आहे. एका टोकाला भिंत. आत दोन घरांचे पाणी येऊन पडते. बाहेर पडायला तोंड एकच. यकृत दिवसाकाठी साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करते, आणि ते सगळे या बोळातून जायचे असते. बोळाचे तोंड चिंबले तर काय होईल ते सांगायला डॉक्टर लागत नाही.

आक्का ऑपरेशनमधून चांगली उठली. औषधांच्या सलाइनचे कोर्स झाले. जेवताना घ्यायच्या पाचक कॅप्सूलची तिला सवय झाली. वजन थोडे कमी राहिले, पण ती पर्वती चढून आली आणि मला फोन करून तसे सांगितलेही. सहा महिन्यांनी स्कॅन व्हायचा. २०२४ च्या ऑगस्टमधला तेवढा "गणपती होऊन जाऊ देत" म्हणून तिने पुढे ढकलला, आणि मी "हो" म्हणालो.

ऋषिपंचमीच्या दिवशी फोन आला. जेवण झाले की वरच्या पोटात दडस बसल्यासारखे होते, दुखते, तासा-दोन तासांनी भसकन उलटी होते.

"उलटीत काय पडतं?" मी विचारले.

"अन्न नाही रे. नुसतं हिरवं-पिवळं कडू पाणी. पित्त पडलं की एकदम बरं वाटतं बघ. दुखायचं थांबतं."

पित्त पडले, बरे वाटले! आपल्या घराघरांतले हे वाक्य. आपल्या आईने, आजीने म्हटलेले. मी स्वतः रोज दवाखान्यात ते दहा वेळा ऐकतो. मी गोळ्यांची नावे सांगितली. पंधरा दिवसांत तिने तीनदा फोन केला, तीनदा मी गोळी बदलली. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "बाळ, हे नेहमीचं पित्त वाटत नाही." मी म्हणालो, "आक्का, डॉक्टर तू की मी?" आणि फोन ठेवून फराळावरचा लेख पुरा करायला बसलो.

तिने मला सगळे सांगितले होते. अन्न न पडता नुसता पित्तरस पडतो, तो पडला की दुखणे थांबते. ऑपरेशन झालेल्या माणसाच्या बाबतीत याचा अर्थ एका ओळीत लिहिलेला आहे. बोळाचे तोंड अरुंद झाले आहे. जेवण झाले की रस जास्त सुटतो, तो आत साठतो, आतडे ताणले जाते आणि दुखते. मग दाब वाढून तो साठा एकदम तोंडातून सुटतो, जठरात येतो आणि उलटून पडतो. पाणी निघून गेले की ताण गेला, दुखणे गेले. कॉलेजात मी हे शिकलो होतो. परीक्षेत लिहिलेही होते. सख्ख्या बहिणीने शब्दशः तेच सांगितले तेव्हा मला ते ऐकू आले नाही.

सर्वपित्रीच्या आदल्या रात्री भाचीचा फोन आला. "मामा, आईला हुडहुडी भरून ताप आलाय. आणि तिचे डोळे पिवळे दिसतायत."

त्या रात्री मी टॅक्सीने पुणे गाठले. बोळाचे तोंड आता पुरते बंद झाले होते. उलटीही थांबली होती. ती थांबली म्हणून घरातल्यांना आधी बरे वाटले होते. खरे म्हणजे तीच वाईट खूण होती. रस बाहेर पडायची उरलीसुरली वाट संपली होती आणि तो उलटा यकृताकडे चढत होता. साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात, ते रक्तात शिरतात. हुडहुडी भरते ती त्यामुळे. असा माणूस एका दिवसात हातचा जाऊ शकतो.

रुग्णालयात तिला ताबडतोब सलाइनमधून जंतुनाशके सुरू झाली. स्कॅन झाला. चित्रात यकृताखाली पाण्याने तटतटलेले, वाकलेल्या नळीसारखे आतडे स्वच्छ दिसत होते. त्याच्या तोंडापाशी, तिसऱ्या जोडाच्या अलीकडे, एक लहानशी गाठ. असा अडथळा कधी जुन्या टाक्यांच्या वणामुळे येतो, कधी आतडे चिकटून किंवा पिळून बसते म्हणून येतो. आमच्या नशिबी तसे नव्हते. मूळचा रोग परत आला होता.

आता काय करायचे यावर बाहेरच्या बाकावर घरची सभा भरली. भाचा न्यू जर्सीहून फोनवर होता. "मामा, खर्चाकडे पाहू नका. मोठं ऑपरेशन करून एकदाचं मोकळं करा." भाची म्हणत होती, "काहीही करा, पण आईला गाठीचं सांगू नका. ती खचेल." मी मधे बसलो होतो. मला दोघांचेही पटत होते आणि कुणालाच उत्तर देता येत नव्हते.

दुर्बिणीचे काम करणाऱ्या डॉक्टर पस्तिशीच्या एक बाई होत्या. त्यांनी आमचे सगळे ऐकून घेतले. मग केस पेपरच्या पाठीवर पेनने चित्र काढले, मघाशी मी तुम्हाला सांगितले तेच तीन जोडांचे, आणि वाटा मोजून दाखवल्या.

पहिली वाट, पुन्हा पोट उघडून अडथळ्याला वळसा घालणारा नवा जोड देणे. जुन्या ऑपरेशनमुळे आतडी एकमेकांना चिकटलेली, रोग परतलेला, अंगात ताप. अशा शरीराला ते झेपणे कठीण, आणि झेपले तरी उरलेल्या दिवसांतले कित्येक आठवडे बिछान्यातच जायचे. दुसरी वाट, कातडीतून यकृतात सुई घालून पित्तरस बाहेर पिशवीत काढणे. जीव वाचतो, पण पिशवी अंगाला लटकत राहते. तिसरी वाट, तोंडातून दुर्बीण घालून अडलेल्या जागी जाळीची नळी बसवणे. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवतात ती स्टेंट सगळ्यांना ठाऊक आहे. ही तिचीच थोरली बहीण.

"आणि दुर्बीण त्या तोंडातून पलीकडे गेलीच नाही तर?" मी विचारले.

"तर आणखी एक उपाय आहे," त्या म्हणाल्या. "टोकाला सोनोग्राफी बसवलेली दुर्बीण असते. जठराच्या भिंतीतून पलीकडचं फुगलेलं आतडं दिसतं. दोन्ही भिंती टोचून मधे डमरूच्या आकाराची जाळी बसवायची. डमरूच्या दोन वाट्या दोन भिंती धरून ठेवतात आणि मधून पाणी जठरात उतरतं. पण आधी सरळ वाटेनं बघू."

एवढे बोलून त्या उठल्या आणि म्हणाल्या, "आता हे आजींना विचारू या."

भाची पुढे झाली. "त्यांना गाठीचं नका सांगू, प्लीज."

"मी विचारल्याशिवाय काही सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही."

आत आक्का उशीला टेकून बसली होती. डॉक्टरीणबाई पलंगाशेजारी स्टूल ओढून बसल्या. आम्ही सगळे पायाशी उभे. आक्काने एकदा आमच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "ही मंडळी रांगेत उभी आहेत म्हणजे गाठ परत आलीय. होय ना?"

"होय आजी."

खोलीत कुणी बोलेना. भाचीने तोंडाला पदर लावला. आक्का तिला म्हणाली, "अगं, मला आठ दिवसांपासून ठाऊक आहे. तुम्हालाच कसं सांगायचं याची मी काळजी करत होते." मग डॉक्टरीणबाईंना, "जाळीनं काय होईल?"

"वाट मोकळी होईल. ताप जाईल, कावीळ उतरेल, जेवल्यावरचं दुखणं थांबेल. गाठ मात्र तिथेच राहील."

"किती दिवस?"

"नक्की आकडा मला सांगता येणार नाही. महिने मोजायचे, वर्षं नाहीत. मधे जाळीही बुजू शकते. मग आत दुसरी बसवता येते."

आक्का थोडा वेळ बोटातली अंगठी फिरवत बसली. "मला पोट फाडून घ्यायचं नाही. पिशवीही नको. जाळी बसवा. दोन घास भीती न बाळगता खाता आले की पुरे. आणि एक गोष्ट. मला फसवून बरं करू नका. जे असेल ते मला आधी सांगा, मग यांना."

नवरात्राच्या दुसऱ्या माळेला तिला दुर्बिणीच्या खोलीत नेले. मी डॉक्टर म्हणून मला आत काचेमागे उभे राहू दिले.

घशात वाकणारी ही दुर्बीण आज आपल्याला नवलाची वाटत नाही. पण पूर्वी पोटात पाहायला सरळ ताठ नळी असे, आणि ती गिळणे ही शिक्षाच होती. काचेच्या केसाएवढ्या तंतूंच्या जुडीतून चित्र वाकवून नेता येते हे लंडनमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स आणि पंजाबात मोग्याला जन्मलेले आपले नरिंदर सिंग कपानी यांनी १९५४ मध्ये दाखवले. त्यावरून अमेरिकेत बेसिल हर्शोविट्झ यांनी वाकणारी दुर्बीण केली आणि १९५७ मध्ये ती आधी स्वतःच्या घशात घालून पाहिली, मग रोग्याच्या. आता तंतूंच्या जागी टोकाला बारीक कॅमेरा असतो आणि चित्र पडद्यावर दिसते.

पडद्यावर जठर दिसले, मग जोड. जोडाच्या तोंडाशी दोन वाटा फुटतात. एक अन्नाची, मोकळी. दुसरी बोळाची, तिथे तोंड असे मिटले होते की नुसती सुरकुती दिसावी. डॉक्टरीणबाईंनी त्या सुरकुतीतून केसासारखी लवचिक तार घातली. दोनदा ती वाकून परत आली. तिसऱ्यांदा आत सरकली. एक्स-रेखाली औषध सोडून पलीकडचे फुगलेले आतडे पाहिले, अडथळ्याची लांबी मोजली. मग तारेवरून पेन्सिलीपेक्षा बारीक नळी आत गेली. जाळी तिच्यात मिटून ठेवलेली असते. वरचे आवरण हळूहळू मागे ओढले की ती उमलत जाते.

ही जाळी निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची असते. अमेरिकन आरमाराच्या प्रयोगशाळेत १९५९ च्या सुमारास या धातूचा गुण ध्यानात आला. कितीही दाबा, ऊब मिळाली की तो आपला मूळचा आकार आठवून तसा होतो. क्षेपणास्त्रांसाठी चाललेल्या शोधातून निघालेली वस्तू आज म्हाताऱ्या माणसाच्या आतड्यात बसून अंगाच्या उबेने उघडते. आक्काची जाळी पुरी उघडल्यावर सुमारे २० मिलिमीटर रुंदीची व्हायची होती. पण ती एका क्षणात तेवढी होत नाही, दोन-तीन दिवस घेते. तशी ती उघडी, विणलेली होती. झाकलेली जाळी घसरून जाण्याचा धोका असतो; उघडी जाळी जागेवर धरून बसते, पण तिच्या भोकांतून गाठ आत वाढू शकते. दोन्हींत उणे आहेच, आणि ते त्यांनी आम्हाला आधीच सांगितले होते.

जाळी बसली आणि पलीकडून हिरवा लोट बाहेर आला. पडदा भरून गेला. नर्सबाई सक्शन लावत होत्या आणि तो थांबत नव्हता. मी काचेमागे उभा राहून ते पित्त पाहत होतो. चार आठवडे मी गोळ्या देत होतो तेच ते.

तिसऱ्या दिवशी ताप गेला. कावीळ उतरायला दोन आठवडे लागले. आक्का दसऱ्याला घरी आली. जाळी अन्नाच्या वाटेत नव्हती, तरी तिचे टोक जोडापाशी होते, म्हणून शेवग्याच्या शेंगा, पालेभाजीचे देठ, संत्र्याच्या फोडीवरची साल असले तंतू बंद. एरवी मऊ भात, वरण, तूप, मऊ धिरडे, थोडे थोडे आणि चावून. ज्यांच्या अन्नाच्याच वाटेत अशी जाळी बसवावी लागते त्यांना आधी पातळ, मग मऊ असे चढत जावे लागते आणि पथ्य फार कडक असते.

भाऊबीजेला मी गेलो. तिने बसून ओवाळले, कारण उभे राहून हात थरथरत होता. मी ताटात ओवाळणी टाकली आणि म्हणालो, "आक्का, माझं चुकलं. तू तीनदा सांगितलंस."

"हो, सांगितलं," ती म्हणाली. "तुला ऐकू आलं नाही. लहानपणीही एका हाकेला कधी आलास?" मग माझ्या पानात करंजी वाढून म्हणाली, "आता कोणी सांगितलं तर ऐक म्हणजे झालं."

महिनाभर आधी तिला आणले असते तर रोग परतला नसता असे नाही. तो परतला होताच. पण ती हुडहुडी, ती टॅक्सीची रात्र, चार आठवड्यांचे दुखणे आणि ते दुखणे थट्टेवारी नेले गेल्याचे दुःख, एवढे खास वाचले असते. याचा हिशेब मी अजून करतो.

फेब्रुवारीत पुन्हा ताप आला. या वेळी तिने मला फोन केला नाही. थेट रुग्णालयात गेली आणि तिथून मला कळवले. जाळीत गाठ वाढली होती. आत दुसरी जाळी बसवली, तीन दिवसांत ती घरी. चैत्रात तिने कैरीची डाळ केली, आंबट म्हणून स्वतः चमचाभर खाल्ली. मे २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात, तिच्या स्वतःच्या पलंगावर, सगळे जवळ असताना ती गेली. पहिली जाळी बसल्यापासून पावणेआठ महिने. शेवटचे काही दिवस सोडले तर ती रोज पाटावर नाही, पण टेबलाशी बसून सगळ्यांबरोबर जेवत होती.

वाचकहो, दिवाळीच्या अंकात हे सांगायला नको होते असे कुणाला वाटेल. पण आपल्या ओळखीत एखाद्या घरी असे ऑपरेशन झालेले माणूस असते, आणि हा अंक त्या घरीही जातो. म्हणून चार गोष्टी लिहून ठेवतो.

ऑपरेशन झाले की डॉक्टरांकडून साध्या कागदावर चित्र काढून घ्या: काय काढले, काय कशाला जोडले. ते चित्र केसच्या कागदांत वर ठेवा. रात्री-अपरात्री नव्या डॉक्टरसमोर जायची वेळ आली तर त्याचा उपयोग दहा रिपोर्टांहून जास्त होतो.

अशा माणसाला उलटी होऊ लागली तर तिच्यात काय पडते ते पाहा. खाल्लेले अन्न तसेच पडते आणि हिरवे नसते, तर जठराच्या जोडापाशीच अडले असेल. अन्न आणि हिरवे मिळून पडते, तर जोडाच्या पुढे. जेवल्यावर दुखते, नुसते हिरवे पडते आणि मग बरे वाटते, तर आमच्या आक्काचे होते ते. निदान तुम्ही करू नका, पण हे शब्द डॉक्टरांना जसेच्या तसे सांगा, आणि ते त्यांनी ऐकले की नाही तेही पाहा. तपासणीची ठरलेली तारीख सणासाठी पुढे ढकलू नका. आणि हुडहुडी भरून ताप, किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर ते काम फोनचे नाही, उद्याचेही नाही. त्याच दिवशी रुग्णालय.

उपाय ठरवताना तीन प्रश्न विचारा. अडथळा नेमका कुठे आहे? वणाचा आहे की रोगाचा? आणि या उपायाने काय मिळेल, किती काळ, आणि तो संपल्यावर पुढे काय? वणाचा अडथळा असेल तर जाळी पुढे काढून घेता येते किंवा नवे ऑपरेशन करणे शहाणपणाचे ठरते. रोगाचा असेल तर हिशेब वेगळा. ज्याला पुष्कळ आयुष्य पुढे आहे त्याला मोठे ऑपरेशन जास्त टिकाऊ पडते. दुर्बिणीची जाळी सोपी म्हणून सगळ्यांना चांगली असे नाही.

आणि हे प्रश्न बाहेरच्या बाकावर बसून नव्हे, आत पलंगावर जो आहे त्याच्यादेखत विचारा. त्याला बहुधा आधीच ठाऊक असते.

परवा भाचीचा फोन आला होता. "मामा, भाऊबीजेला ये. आईचं ओवाळणीचं ताट घासून ठेवलंय. मी ओवाळीन." मी सकाळच्या गाडीचे तिकीट काढले आहे.

आणि दवाखान्यात आता कुणी येऊन म्हणाले, "डॉक्टर, पित्त झालंय," की मी पेन खाली ठेवतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "पोटाचं ऑपरेशन कधी झालंय का?" बहुतेक जण नाही म्हणतात आणि गोळी घेऊन जातात. एखादा हो म्हणतो. मग मी त्याला बसायला सांगतो.